फोनवरचं ‘हो’, मेलवरचं ‘नाही’

मागच्या वर्षी मे महिन्यात मी एक मेल लिहिला. चारच ओळींचा, पण तो पाठवायला मला तास लागला. ‘आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे, मात्र मी दुसरीकडे रुजू होत असल्याने...’ वगैरे वगैरे. तो मेल ज्या जाहिरात एजन्सीला गेला, त्यांनी मला रीतसर ऑफर लेटर दिलं होतं. कंटेंट रायटर, महिना २२ हजार, जॉइनिंग १६ जून. आणि ज्या ‘दुसरीकडे’च्या जोरावर मी त्यांना नाही म्हटलं, तिथून माझ्या हातात काय होतं? एक फोन. एका न्यूज पोर्टलच्या संपादकांचा. ‘इंटरव्ह्यू मस्त झाला तुझा. एक तारखेपासून ये. लेटर एचआर पाठवेल दोन दिवसांत.’

मी नाचायचीच बाकी होते. न्यूजमध्ये काम करायचं म्हणून तर तीन वर्षं मास कॉम केलं, आणि पगारही तीन हजारांनी जास्त सांगितला होता. आईने पेढे आणले. बाबांनी फक्त एक प्रश्न विचारला, ‘कागद आला का?’ मी म्हटलं, ‘बाबा, आता तसं नसतं हो. सगळं फोनवरच ठरतं.’

दोन दिवसांचा आठवडा झाला. ‘प्रोसेसमध्ये आहे.’ मग ‘मॅनेजमेंटचं अप्रूव्हल बाकी आहे.’ मग माझे फोन कुणी उचलेना. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर एक ओळ आली: सध्या हायरिंग होल्डवर आहे, दिवाळीनंतर बोलू. मी लाज गुंडाळून ठेवली आणि एजन्सीत फोन केला. तिथल्या एचआर मॅडम प्रेमाने बोलल्या, पण म्हणाल्या, ‘अगं, त्या जागेवर आम्ही कधीच घेतलं दुसऱ्या मुलीला.’ बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, ‘कागद?’ काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. ते जास्त लागलं.

हे रडगाणं इथे मांडायचं कारण असं, की गेल्या दोन महिन्यांत मी ज्या ज्या ज्युनिअर्सशी बोलले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘सिलेक्शन झालंय, फक्त लेटर यायचंय.’ आणि त्यातल्या काहींनी त्या ‘फक्त’च्या भरवशावर हातातली दुसरी ऑफर सोडूनही दिली होती. तुम्ही त्यातले असाल किंवा येत्या महिन्यात होणार असाल, तर थोडं थांबा.

आधी एक गोष्ट साफ करते. त्या संपादकांनी मला फसवलं का? बरेच दिवस मला तसंच वाटायचं. आता नाही वाटत. ते फोनवर बोलले तेव्हा खरंच मला घ्यायचं ठरवून बोलले असणार. घोळ असा असतो, की तुमचा इंटरव्ह्यू घेणारा माणूस आणि तुमच्या पगाराचा पैसा मंजूर करणारा माणूस बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. पहिल्याला तुम्ही आवडता. तो ‘ये’ म्हणतो. त्यानंतर एचआर पगाराचं गणित बसवतं, मग ती जागा अजून मंजूर आहे ना हे वरती विचारलं जातं, मग फायनान्स त्यावर सही करतं, कुठे कुठे बॅकग्राउंड चेक होतो, आणि मग लेटर निघतं. यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडू शकते. तिमाही वाईट गेली, क्लायंट गेला, साहेब बदलले, की सगळ्यात आधी थांबते ती नवी भरती, कारण आत असलेल्याला काढण्यापेक्षा बाहेरच्याला न घेणं सोपं आणि स्वस्त असतं. तुम्हाला ‘ये’ म्हणणाऱ्याला हे बऱ्याचदा तुमच्याइतकंच उशिरा कळतं. म्हणजे माणूस खरा आणि शब्द खोटा, असं होऊ शकतं.

माझं हे रामायण चालू होतं, त्याच सुमारास, जुलै २०२५ मध्ये, एक बातमी आली आणि मला वाटलं, आपण तर स्वस्तात सुटलो. टीसीएसने अनुभवी लोकांना ऑफर लेटरं दिली होती, जॉइनिंगच्या तारखा दिल्या होत्या, आणि मग ती जॉइनिंग पुढे ढकलली. असे सहाशेहून जास्त लोक अडकलेत, अशी तक्रार पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांच्याकडे केली. कंपनीचं म्हणणं होतं की दिलेली प्रत्येक ऑफर आम्ही पाळू, जॉइनिंगची वेळ मात्र व्यवसायाच्या गरजेनुसार ठरेल. त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीने जाहीर केलं, की एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार. आता त्या अडकलेल्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जुन्या कंपनीत राजीनामा दिलेला, नोटीस पिरिअड संपलेला, निरोप समारंभाचा केक कापून झालेला, होम लोनचा हप्ता पाच तारखेला. आणि यांच्याकडे तर कागद होता!

तेव्हा ‘कागद घ्या आणि निर्धास्त व्हा’ असं मी तुम्हाला सांगणार नाहीये. कागदालाही पायऱ्या आहेत, त्याकडे येतेच. पण त्याआधी हे वारंवार का होतं ते बघू.

कोविडनंतरची दोन वर्षं आठवा. सगळं जग ऑनलाइन गेलं, आयटीला सुगीचे दिवस आले. लोक धडाधड नोकऱ्या बदलत होते. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे चारातला एकाहून जास्त. भरती तशीच दणक्यात. २०२१-२२ या एका वर्षात टीसीएसने एक लाख फ्रेशर्स घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. कॉलेजांमध्ये ऑफर लेटरांचा पाऊस पडत होता. मग अमेरिकेत व्याजदर वाढले, क्लायंट हात आखडते घ्यायला लागले, नोकरी सोडणारेही जागेवर बसले. २०२३-२४ संपलं तेव्हा टीसीएसमधली माणसं वर्षभरात १३,२४९ ने कमी झाली होती, इन्फोसिसमधली २५,९९४ ने.

आता कॅम्पसचं वेळापत्रक बघा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जुलै-ऑगस्टमध्ये ऑफर मिळते. जॉइनिंग पुढच्या जुलैला किंवा त्यानंतर. मध्ये अकरा-बारा महिने. ऑफर चढत्या बाजारात दिलेली असते आणि जॉइनिंग पडत्या बाजारात येतं. मधल्या काळाचा धोका कुणीतरी उचलायचा असतो, आणि तो उचलतो तुमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा, ज्याने त्या ऑफरमुळे पुढच्या कुठल्याच कंपनीला अर्ज केला नाही. अनेकदा तसा अर्ज करू दिलाच जात नाही. बऱ्याच कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असा नियम आहे. एकदा ऑफर मिळाली की तुम्ही प्लेसमेंटच्या यादीतून बाहेर. नियमामागचा हेतू चांगला आहे, सगळ्यांना संधी मिळावी. पण त्याचा अर्थ असाही होतो की पुढच्या सगळ्या कंपन्यांना तुमच्या वतीने ‘नाही’ कॉलेजनेच म्हणून टाकलं, तेही जॉइनिंगची तारीख नसलेल्या एका पत्राच्या बदल्यात.

इन्फोसिसच्या २०२२ च्या बॅचचं काय झालं ते तुम्ही वाचलं असेलच. साधारण दोन हजार मुलामुलींकडे ऑफर लेटर होतं, पण त्यांना दोन वर्षं जॉइनिंग मिळालं नाही. ‘नाइट्स’ने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, मंत्रालयाने कर्नाटक सरकारला लक्ष घालायला सांगितलं, आणि त्या ऑक्टोबरमध्ये मुलं म्हैसूरला रुजू व्हायला लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यातल्या तीनशेहून जास्त ट्रेनींना, अंतर्गत परीक्षेत तीन प्रयत्नांत पास झाले नाहीत म्हणून, काढून टाकण्यात आलं. विप्रोचं प्रकरण २०२३ चं. ६.५ लाखांची ऑफर असलेल्या फ्रेशर्सना विचारलं गेलं की ३.५ लाखांवर येता का, लगेच जॉइन करता येईल, नाहीतर थांबा. तुमच्याकडे दुसरी ऑफर असती तर तुम्ही हसून निघून गेला असता. पण दुसऱ्या ऑफरला तुम्ही कधीच ‘नाही’ कळवलेलं असतं.

या सगळ्यात कुणाचं किती जातं हे घराघरावर ठरतं, हेही बोललं पाहिजे. माझं काय गेलं? दोन महिने आणि थोडी इज्जत. आई-बाबांकडे राहत होते, जेवण मिळत होतं, एम.ए.ला अॅडमिशन घेतली. पण शैक्षणिक कर्ज काढून शिकलेल्या मुलाचा हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. दोन वर्षं जॉइनिंगची वाट बघत बसलेल्या मुलाचं पुढचं वर्ष कसं गेलं असेल? बँक ‘ऑनबोर्डिंग पेंडिंग’ असं कारण ऐकून घेत नाही. आणि अमेरिकेत एमएस करून नोकरी शोधणारे आपले सीनिअर्स? त्यांना शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. २०२२ च्या जूनमध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने आधी स्वीकारल्या गेलेल्या ऑफरही ईमेल पाठवून मागे घेतल्या. अशा वेळी व्हिसावरच्या माणसाच्या डोक्यात एक घड्याळ टिकटिक करायला लागतं.

सरकारी नोकरीवाले मनातल्या मनात हसत असतील, तर त्यांनीही जरा जपून. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना ‘शिफारस’ आणि ‘नियुक्ती’ या दोन शब्दांतलं अंतर वेगळं सांगायला नको. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा निकाल जून २०२० मध्ये लागला. चारशेहून अधिक जणांची शिफारस झाली, गावागावांत फ्लेक्स लागले, मिरवणुका निघाल्या. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि नियुक्त्या अडकल्या. अंतिम निकाल आला ५ मे २०२१ ला, आणि फ्लेक्सवरचे ‘साहेब’ वर्ष उलटून गेलं तरी घरीच होते. यादीत नाव आलं म्हणून त्याच दिवशी आधीची नोकरी सोडायची, की नियुक्तीपत्र हातात पडल्यावर? ज्यांनी घाई केली त्यांनी ते वर्ष कसं काढलं हे त्यांच्याच तोंडून ऐका, पुण्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत कुणीतरी ओळखीचं सापडेलच.

आता कायदा. ‘तोंडी करार पण करारच असतो ना?’ असं आमच्या ग्रुपमधला एक लॉवाला नेहमी म्हणतो. पुस्तकात बरोबर आहे त्याचं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि तो करार लेखीच हवा असं सरसकट म्हणत नाही. पण त्याच कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्या माझ्यासारख्यांना आधी माहीत असायला हव्यात. पहिली: समोरच्याने दिलेला प्रस्ताव तुमच्या स्वीकृतीने पक्का होईपर्यंत तो परत घेऊ शकतो. म्हणजे लेखी ऑफर आली, तुम्ही पाच दिवस तिला उत्तरच दिलं नाही, तर त्या पाच दिवसांत ती कधीही जाऊ शकते. दुसरी: तुम्ही प्रस्ताव नाकारलात की तो तिथेच संपतो. उद्या तुमचा विचार बदलला आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तर तो तुमचा नवा प्रस्ताव, घ्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. एजन्सीच्या मॅडमनी मला तेच सांगितलं, फक्त कायद्याचं नाव न घेता.

म्हणजे या खेळात तुमचं ‘नाही’ लगेच लागू होतं, आणि त्यांचं ‘हो’ मात्र कागद येऊन तुम्ही तो स्वीकारेपर्यंत हवेत असतं.

बरं, कंपनीने शब्द फिरवला तर कोर्टात जायचं? खासगी कंपनीला ‘या मुलीला कामावर घ्याच’ असं कोर्ट सहसा सांगत नाही, वैयक्तिक सेवेचे करार सक्तीने पाळायला लावायचे नाहीत हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे. नुकसानभरपाई मागता येते, पण नुकसान किती ते सिद्ध करायला लागतं, आणि फोनवर काय बोलणं झालं ते आधी सिद्ध करायला लागतं. २२ हजारांच्या नोकरीसाठी वकील कोण लावणार? कामगार आयुक्तांकडे जायचं तर जो अजून रुजूच झालेला नाही त्याला ‘कामगार’ म्हणवून घेणंही अवघड.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलंय. ही मोठी गोष्ट आहे, हॉटेलात, दुकानात, छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी तर फारच मोठी. पण नीट वाचा: पत्र द्यायचंय ते नियुक्ती झाल्यावर. फोन आला त्या दिवसापासून तुम्ही रुजू होईपर्यंतचा जो काळ आहे, ज्यात मी पडले, ज्यात इन्फोसिसची ती मुलं दोन वर्षं होती, त्याबद्दल यात काही नाही. माझ्या मते खरी मागणी तिथे करायला हवी. ऑफर दिली तर जॉइनिंगची तारीख द्या, आणि ती ठरावीक दिवसांपेक्षा पुढे गेली तर काहीतरी भरपाई द्या. कॉलेजं निदान एवढं करू शकतात, की जॉइनिंग लांबलं तर त्या विद्यार्थ्याला प्लेसमेंटला परत बसू द्यायचं. सगळ्या आयआयटींच्या प्लेसमेंट समितीने २०१६ मध्ये ऑफर मागे घेणाऱ्या किंवा लटकवणाऱ्या ३१ कंपन्यांवर कॅम्पसबंदी घातली होती. त्यांच्याकडे ती ताकद आहे. आपल्या तालुक्याच्या कॉलेजकडे नाही, तिथे टीपीओ सरच कंपनीला ‘या हो एकदा’ म्हणून विनवत असतात.

सरकार आणि कॉलेज जे करतील ते करतील. तुमच्याकडे हातात एक ऑफर आणि कानात दुसरी आहे, उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय, तर काय करायचं?

मला जे करायला हवं होतं ते सांगते. फोन ठेवल्याबरोबर संपादकांना एक मेल. ‘सर, आज फोनवर बोलल्याप्रमाणे मी अमुक पदावर, अमुक पगारावर, एक तारखेपासून रुजू व्हावं असं ठरलं आहे. माझ्याकडे दुसरी लेखी ऑफर आहे आणि तिला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तोपर्यंत एचआरकडून लेखी मिळू शकेल का?’ बस. रिपोर्टिंगमध्ये आम्ही हेच करतो, फोनवर कुणी महत्त्वाचं बोललं की ‘तुम्ही असं म्हणालात ना?’ म्हणून मुद्दे लिहून पाठवतो. समोरचा ‘हो’ म्हणाला तर ते लेखी झालं. ईमेलवर झालेला करारही कायद्याने चालतो, स्टँप पेपर लागत नाही. आणि समोरच्याने उत्तरच दिलं नाही, किंवा ‘अगं टेन्शन नको घेऊस, झालंच समज’ असं परत फोनवरच सांगितलं, तर तेही एक उत्तर आहे. दोन ओळींचा मेल लिहायला ज्याला जमत नाही, त्याच्याकडे बहुतेक लिहिण्याचा अधिकार नाही.

दुसरीकडे, ज्यांचं लेटर हातात आहे त्यांच्याकडे मुदत मागा. मला वाटायचं मुदत मागितली तर ऑफर काढून घेतील. नंतर मी एजन्सीच्या मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, चार-पाच दिवस आम्ही सहज दिले असते, सगळेच मागतात. सगळे देतीलच असं नाही. काही कंपन्या मुद्दाम २४ तास देतात, तुम्ही दुसरीकडे बघू नये म्हणून. पण नीट, नम्रपणे विचारल्याने कुणी ऑफर काढून घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मग जो कागद येईल तो वाचा. वाचा म्हणजे पगाराचा आकडा बघून स्क्रीनशॉट काढून इन्स्टाला टाकू नका. वर ‘लेटर ऑफ इंटेंट’ लिहिलंय का? मग ती नुसती इच्छा आहे, ‘आम्हाला तुम्हाला घ्यायला आवडेल’ इतकंच. ‘ऑफर लेटर’ असेल तर त्यात पद, पगार, ठिकाण आणि जॉइनिंगची तारीख आहे का? तारखेच्या जागी ‘व्यवसायाच्या गरजेनुसार कळवण्यात येईल’ असं असेल, तर त्या वाक्यावर पेन्सिलीने गोल करा, कारण उद्या तुम्ही भांडायला गेलात की तेच वाक्य तुम्हाला दाखवलं जाईल. एचआरला विचारा, आधीच्या बॅचला प्रत्यक्षात कधी घेतलं? लिंक्डइनवर त्या बॅचची मुलं शोधून त्यांनाच विचारलेलं अजून बरं. सगळं ठीक वाटलं तर आधी लेखी ‘हो’ कळवा, त्यांची पोच येऊ द्या, आणि मगच दुसऱ्यांना ‘नाही’चा मेल. क्रम उलटा झाला की माझ्यासारखं होतं. पहिली नोकरी बदलताना राजीनाम्यालाही हाच क्रम, तिथे तर ६०-९० दिवसांचा नोटीस पिरिअड मध्ये असतो.

आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुसरा कागद आलाच नाही तर? तर मी हातातली ऑफर घेईन. स्वप्नातली नसली तरी. इथे तुमच्यातले काही म्हणतील, मग सोपं आहे, ही घ्यायची, ती आली की हिला टाटा. यावर माझं मत थोडं अडखळतं. कंपन्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचीही तक्रार खोटी नाही. तीन-तीन ऑफर खिशात घालून शेवटच्या दिवशी फोन बंद करणारी मुलं आहेत. मग कंपनी दहा जागांसाठी तेरा जणांना ऑफर देते, तीन गळतीलच म्हणून. आणि ज्या वर्षी कुणीच गळत नाही त्या वर्षी जॉइनिंग लटकतं. म्हणजे आपल्याच आधीच्या बॅचच्या गमजांचे पैसे आपण भरतो. शिवाय कॅम्पसवरून घेतलेली ऑफर सोडली तर पुढच्या वर्षी ती कंपनी कॉलेजात येत नाही, त्याचा फटका ज्युनिअर्सना. त्यामुळे कॅम्पसची असेल तर मी पाळेन. ऑफ-कॅम्पस असेल आणि खरंच कितीतरी चांगलं काही लेखी हातात आलं, तर लवकरात लवकर, स्वतः फोन करून, खरं कारण सांगून सोडेन. बाँड किंवा अनामत रकमेची अट आहे का ते आधी बघून. तुम्हाला यापेक्षा वेगळं वाटत असेल तर कळवा, मला खरंच ऐकायला आवडेल.

जाता जाता एक उलटा प्रकार. कागद कागद म्हणतेय म्हणून कुणी लोगोवालं चकचकीत लेटर व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘रजिस्ट्रेशनचे पाच हजार भरा’ म्हणालं तर भरू नका. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का बघा, आणि वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून खात्री करा.

या पानासाठी इंटर्न म्हणून माझी निवड झाली तेव्हाही फोनच आला होता. मी ‘थँक यू सर’ म्हटलं आणि लगेच म्हटलं, ‘मेल करता का प्लीज?’ पलीकडे दोन सेकंद शांतता. मग हसण्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला, त्यात स्टायपेंड बरोबर होता, सुरुवातीची तारीख चुकली होती. ती दुरुस्त करून मागितली, आली, मी ‘हो’ कळवलं. एका छोट्या मासिकाचंही बोलावणं होतं, त्यांना त्यानंतर नाही म्हटलं. संध्याकाळी बाबांना मोबाइलवर मेल दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, ‘याची प्रिंट काढून आण.’